सोललेली बोट

१

बोट गुलाबी झाली होती.

भडक, निर्लज्ज, डोळ्यांत घुसणारा गुलाबी. गेम बनवणाऱ्यांना हा रंग चांगलाच ओळखीचा असतो. मॉडेल जागेवर आहे, पण त्याच्या अंगावर चढवलेली चित्रं, म्हणजे टेक्स्चर्स, गायब झाली आहेत, हे सांगायला गेम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, असं किंचाळतं. बोटीच्या फळ्या, शिडं, दोर, सुकाणू, सगळं त्या एकाच रंगात न्हाऊन पाण्यावर डुलत होतं, आणि पाणी मात्र काही झालंच नाही अशा थाटात निळंशार.

सगळ्यात आधी ते पाहिलं चाळणीने. गेम खेळून त्यातल्या चुका काढणं हे तिचं काम. बारीकसा खडाही तिच्या नजरेतून निसटत नाही म्हणून ऑफिसात सगळे तिला चाळणी म्हणत. पण हा खडा नव्हता, धोंडा होता, आणि तो तिच्या सख्ख्या बहिणीच्या डोक्यात पडणार होता. बोटीची सगळी चित्रं ताईने, म्हणजे ऑफिसातल्या रंगारणीने, रंगवलेली होती. एकेक फळी, एकेक खिळा.

मालक आले, त्यांनी पडदा पाहिला आणि त्यांचा आवाज तिन्ही खोल्यांत घुमला.

"पाहुण्या बाई दुपारी येतायत! गेम घ्यायचा की नाही, हे आज ठरवणार आहेत त्या! काय दाखवू त्यांना? हे?"

इंजिनाचं कोडिंग सांभाळणारा मेकॅनिक कीबोर्ड बडवत होता. "टेक्स्चर्सचा अख्खा फोल्डर उडवलाय. काल संध्याकाळी. रंगारणीच्या कॉम्प्युटरवरून."

"बॅकअप?"

"त्यासाठीचं मशीन मी घसा कोरडा पडेपर्यंत मागत होतो. तुम्ही पुढच्या महिन्यात बघू म्हणालात."

मालकांनी ते ऐकलंच नाही. ताई दारातून नुकती आत आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरली नव्हती. ते तिच्यावरच तुटून पडले.

"तुझ्या मशीनवरून गेलंय सगळं!"

"काल संध्याकाळी आपण सगळे हॉलमध्ये आज गेम दाखवायचा सराव करत होतो," ताई म्हणाली. "लोक उठत होते, बसत होते. माझ्या जागेवर कोणीही बसू शकतं. माझा पासवर्ड इथल्या खुर्च्यांनासुद्धा पाठ आहे."

"आणि काल दुपारी माझ्या केबिनमध्ये थयथयाट कोणी केला? सुरुवातीच्या पडद्यावर माझं नाव का नाही म्हणून?"

"मी केला. पुन्हा करीन. म्हणून काय स्वतःच्या हाताने स्वतःचं काम जाळीन?"

"चालती हो," मालक ओरडले. "आत्ताच्या आत्ता! आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस!"

फक्त सुतारदादा पुढे झाले. लाकडाशी त्यांचा संबंध नव्हता. गेममधली घरं, झाडं, बोटी, सगळी मॉडेल्स ते बांधायचे. ताईला या ऑफिसात आणलं त्यांनीच आणि शिकवलंही त्यांनीच.

"साहेब, जरा दमानं घ्या," ते म्हणाले. "पोरगी तशी नाही. रागाच्या भरात झालं असेल काहीतरी."

मालकांनी हात झटकला. ताईने एकदाच सगळ्यांकडे पाहिलं, मग धाकट्या बहिणीकडे.

"तू इथेच थांब," ती म्हणाली. "कोणी केलं ते शोधून काढ. आणि सापडला की आधी मला सांग. बाकीच्यांना नंतर."

दार आपटलं. चाळणीची कानशिलं तापली होती. तिला आधी मालकांच्या अंगावर धावून जायचं होतं. तिने तो बेत पुढे ढकलला, एवढंच.

२

ताईकडे चित्रांची एक प्रत घरी होती. हे चाळणीला आठवलं आणि ती तशीच पळत घरी गेली.

ताई मोरीत बसून एक करपलेलं पातेलं घासत होती. पातेलं कधीच चकचकीत झालं होतं, तरी घासत होती.

"हार्ड डिस्क कपाटात आहे, वरच्या खणात," ती मान वर न करता म्हणाली. "परवापर्यंतचं सगळं आहे त्यात. घेऊन जा आणि आदळ त्या माणसाच्या टेबलावर."

"तुझा कोणावर संशय?"

"सगळ्यांवर. एक सुतारदादा सोडून." पातेलं खणकन आपटलं. "निदान ते तरी बोलले गं माझ्या बाजूने."

चाळणी डिस्क घेऊन परतली. चित्रं इंजिनात घातली, बोटीच्या मॉडेलला एकेक करून जोडली. मालक, मेकॅनिक, सुतारदादा, सगळे पाठीमागे उभे. गुलाबी रंग गेला.

आणि त्याच्या जागी जे आलं ते पाहून चाळणी खुर्चीतून उठलीच.

डेकच्या फळ्या शिडावर चढल्या होत्या. दोराचं चित्र बोटीच्या पोटावर फाटक्या कापडासारखं पसरलं होतं. सुकाणूवरची पितळी पट्टी डोलकाठीच्या टोकाला तिरकी चिकटली होती. एखाद्याने अंधारात, उलटे-सुलटे कपडे चढवावेत तसं बोटीचं ध्यान दिसत होतं.

"वा!" मालक म्हणाले. "म्हणजे पाठवतानाही मुद्दाम नासकी चित्रं पाठवली. तुझ्या बहिणीची धन्य आहे!"

"चित्रं नासलेली नाहीत!"

"मग काय माझे डोळे नासलेत?"

चाळणी सुतारदादांकडे वळली. "दादा, मॉडेल तर बदललं नाही ना कोणी?"

सुतारदादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बोट पूर्ण झाल्यापासून मी तिला बोटही लावलेलं नाही बाळा. आणि माझ्याशिवाय ती उघडणार कोण?" त्यांनी सुस्कारा सोडला. "साहेब, पाहुण्यांपुरतं मी काहीतरी बघतो. तिची जुनी, पहिल्या खेपेची चित्रं माझ्याकडे पडून असतील."

ते आपल्या खोलीत गेले. जेवणाची सुटी व्हायच्या आत बोट पुन्हा सजली होती. तपकिरी फळ्या, मळकी शिडं, काळे खिळे. ताईच्या रंगांची सर नव्हती त्याला, पण सगळं जिथल्या तिथे, एकही फळी इकडची तिकडे नाही.

मालकांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात माणूस!"

चाळणीने नाही वाजवल्या. तिला त्या बोटीत काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं.

३

तिने आधी मेकॅनिकला गाठलं. तो चिडका होता, आणि ताईशी त्याचं कधी पटलं नव्हतं.

"माझ्यावर संशय आहे ना? बोल की सरळ," तो म्हणाला. "तुझ्या ताईची चित्रं एवढी जड असतात की माझं इंजिन धापा टाकतं. दहादा सांगितलं, कमी कर. ऐकेल तर शपथ. पण उडवून टाकायची? सगळं उडालं की पहिल्यांदा माझीच मानगूट धरतात. आजही धरलीच ना?"

"काल सरावातून उठला होतास?"

"मीच तर गेम चालवत होतो सगळ्यांसमोर. उठलो असतो तर पडदा काळा नसता झाला?"

ते खरं होतं. चाळणी स्वतः तिथे होती. पडदा एकदाही थांबला नव्हता.

मग दिवेवाली. गेममधलं ऊन, कंदील, चांदणं असा सगळा उजेड तिच्या हातात. ती ताईच्या शेजारच्याच टेबलावर बसायची, आणि दोघींमधून विस्तव जात नसे. काल सरावाच्या वेळी ती हॉलमधून मधेच बाहेर गेली होती.

"फोन आला होता," ती म्हणाली. "आईचा. बोलत बोलत मी आपल्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले."

"खोलीत कोण होतं?"

दिवेवालीने पडद्याकडे तोंड फिरवलं. "मला काही विचारू नकोस. मला इथे नोकरी करायचीये."

"म्हणजे कोणीतरी होतं!"

"मी असं म्हटलं नाही."

"माझ्या बहिणीला कुत्र्यासारखं हाकललं आज, आणि तू तिथे उभी राहून नखं बघत होतीस!" चाळणीचा आवाज चढला. "भांडण तुमचं उजेडावरून असेल. माणुसकीवरून तर नव्हतं ना?"

दिवेवालीचे डोळे भरले, पण तोंड उघडलं नाही. तिला गप्प राहण्याची सवयच होती, आणि त्या सवयीचा चाळणीला मारामारी करण्याइतका राग आला.

चाळणी निघाली तेव्हा दिवेवाली मात्र एवढं पुटपुटली, "त्या नव्या बोटीवर माझा उजेड नीट बसत नाहीये. खिळे बघ."

४

चाळणीने खिळे पाहिले.

आणि मग तिला काय खटकत होतं ते लक्षात आलं. खिळ्यांची डोकी फळीतून वर आलेली दिसायला हवीत. इथे प्रत्येक खिळा म्हणजे एक भोक होतं. फळ्यांमधल्या खाचा फुगून वर आलेल्या. सगळी बोट आतून बाहेर उलटल्यासारखी.

"असं कशाने होतं?" तिने परत येऊन विचारलं.

या प्रश्नाला उत्तर द्यायला दिवेवालीला भीती नव्हती. "रंगाच्या चित्राबरोबर उंचसखलपणाचं एक चित्र असतं. उजेड कुठल्या बाजूने धरायचा, ते त्यावरून ठरतं. काही सॉफ्टवेअरमध्ये त्याची वरची बाजू आपल्या इंजिनाच्या उलटी असते. इंजिनात आणताना ते फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर उंचवट्याचा खड्डा होतो."

"ताई विसरली असेल? तिची पहिल्या खेपेची चित्रं आहेत ना ही."

"पहिल्याच दिवशी मी त्यावरून तिला फाडून खाल्लं होतं. त्यानंतर एकदाही विसरली नाही. भांडखोर आहे, पण हातची पक्की आहे तुझी बहीण." ती थांबली. "ही चूक करील तो इंजिनात चित्रं कधी आणतच नसेल. फक्त आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बघत असेल. तिथे ती बरोबरच दिसतात."

चाळणी जिन्यात जाऊन बसली. राग आवरून विचार करणं तिला जड जात होतं, पण तिने केला.

पुठ्ठ्याचं खोकं कडांवर कापून जमिनीवर सपाट पसरायचं. त्या सपाट पुठ्ठ्यावर चित्र काढायचं. पुन्हा घडी घातली की चित्र खोक्यावर बरोबर बसतं. ताईचं काम हेच होतं. सुतारदादा बोट उलगडून द्यायचे, ताई त्या उलगडलेल्या सालीवर रंगवायची.

पण तेच खोकं कोणी वेगळ्या कडांवर कापलं तर? खोकं दिसायला तेच. सपाट पसरलं की मात्र तुकडे भलत्याच जागी. जुनं चित्र त्यावर टाकलं तर दाराचं चित्र छपरावर जाणार.

डेक शिडावर. दोर पोटावर.

म्हणजे चित्रं नासलेली नव्हती. खालची बोट कोणीतरी नव्याने उलगडली होती.

आणि सुतारदादा म्हणाले होते, बोट पूर्ण झाल्यापासून मी हात लावलेला नाही. तेच म्हणाले होते, माझ्याशिवाय ती उघडणार कोण. आणि तेच म्हणाले होते, ही तिचीच जुनी चित्रं. ताईची परवाची चित्रं या बोटीवर बसत नाहीत, मग त्याहून जुनी एवढी तंतोतंत बसतात कशी?

बसत नाहीत. बसूच शकत नाहीत. ती चित्रं बोट बदलल्यावर, बदललेली बोट समोर ठेवून काढलेली होती. आणि एवढं काम अर्ध्या सकाळीत होत नाही. ते आधीच तयार होतं. आणि ते करणाऱ्याला चित्रं इंजिनात आणायची सवय नव्हती.

चाळणीला वाटलं, आपण चुकलोय. चुकलेलं बरं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. जत्रेत हरवलेल्या पोरीसारखी ती उठली आणि मेकॅनिकच्या दारात गेली.

"बोटीची जुनी प्रत आहे कुठे? सुरुवातीची?"

"लाटांच्या चाचणीसाठी एक ठेवलीये मी. बिनरंगाची. तळ्यात सोडून बुडते का बघतो. का?"

"उघड."

करड्या, उघड्यावागड्या बोटीवर तिने ताईच्या डिस्कवरची चित्रं चढवली. मेकॅनिक तोंड वासून बघत राहिला. डेक डेकवर, दोर दोरावर. पितळी पट्टी सुकाणूवर लखलखली.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. पाहुण्या बाई आल्या होत्या.

५

हॉलमध्ये मालक हात चोळत उभे होते, शेजारी सुतारदादा. पाहुण्या बाई वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. खुर्चीत बसताच त्यांनी विचारलं, "जाहिरातीच्या व्हिडिओत पाहिली तीच ना ही बोट? रंग वेगळा दिसतोय."

"थोडा बदल केलाय," मालक म्हणाले.

"वाईट केलाय. हे खिळे की भोकं?"

चाळणी पुढे आली. मालकांनी तिला डोळ्यांनी दटावलं. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"बाई, खरी बोट दाखवू?"

"बाहेर हो," मालक दात आवळून म्हणाले.

"दाखव," पाहुण्या बाई म्हणाल्या.

मेकॅनिकने पडदा बदलला. ताईची बोट तळ्यावर उभी राहिली. मग चाळणीने दोन्ही बोटी शेजारी ठेवल्या, दोन्हीवर तीच चित्रं टाकली, आणि एकीवर ती बसतात आणि दुसरीवर का बसत नाहीत, ते खोक्याचं उदाहरण देऊन सांगितलं. शब्द एकही चुकला नाही.

"फोल्डर उडवून भागणार नव्हतं," ती म्हणाली. "ताईकडे घरी प्रत आहे, हे माहीत असणाऱ्याने बोटही बदलून ठेवली. म्हणजे तिने प्रत पाठवली तरी तीच खोटी ठरावी. आणि वर दुसरी चित्रं तयार ठेवली. दादा, तुम्ही सांगा. ताईची जुनी चित्रं तुमच्या नव्या बोटीवर कशी बसली?"

सुतारदादांनी घसा खाकरला. "योगायोग असतो कधी कधी..."

"एकेका फळीचा योगायोग?"

ते मालकांकडे बघू लागले. तेवढ्यात मागून दिवेवाली बोलली, घाईघाईने, पुन्हा धीर सुटायच्या आत.

"काल संध्याकाळी हे तिच्या खुर्चीवर बसले होते. मी पाहिलं. आणि सकाळी बोट गुलाबी दिसल्याबरोबर मी साहेबांना फोनवर सांगितलं होतं, ते ऑफिसात यायच्या आधी. साहेब म्हणाले, आजचा दिवस जाऊ दे, गवगवा नको."

चाळणी गर्रकन वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? माहीत असून तिला हाकललंत?"

"पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून..." मालक चाचरले. "नंतर बोलावणारच होतो तिला. आणि गेले कित्येक दिवस ती नावासाठी डोकं खात होती..."

"आणि आयती सुटका झाली!"

ताई दारात उभी होती. चाळणीने मघाशी जिन्यातून तिला फोन केला होता, ती कधी येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नव्हतं. ती मालकांकडे गेली नाही. सरळ सुतारदादांसमोर जाऊन थांबली.

"का?"

सुतारदादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यातूनही राग वर आला.

"व्हिडिओ पाहून जो तो विचारायचा, रंग कोणी दिले? बोट कोणी बांधली, हे एकानेही विचारलं नाही. एकानेही! तुला ब्रश धरायला मी शिकवलं. माझ्या हाडांवर तू नुसतं कातडं चढवलंस, आणि नाव तुझं?"

"विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तुमचं नाव सांगत होते," ताई म्हणाली. "प्रत्येकाला. काल साहेबांशी भांडले ते एकटीसाठी नव्हते. त्या पडद्यावर तुमचंही नाव नव्हतं."

सुतारदादांनी मालकांकडे पाहिलं. मालक जमिनीकडे बघत होते. ते खरं होतं. त्या पडद्यावर मालकांनी फक्त स्वतःचं नाव घातलं होतं, आणि सुतारदादांना सांगितलं होतं की रंगारीण सगळं श्रेय एकटीला मागतेय.

"आता मला हिशोब लागला," पाहुण्या बाई म्हणाल्या. त्या उठल्या. "गेम मला हवाय. पण आधी या मुलीला जे काही म्हणायचं असेल ते तुम्ही म्हणा."

"चूक झाली," मालक पुटपुटले.

"मला वयामुळे कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

"चूक झाली माझी! मी खोटा आळ घेतला!"

ताईने मान डोलावली. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही. "पडद्यावर सगळ्यांची नावं येतील," ती म्हणाली. "रंग माझे. बोट यांची. आणि हे उद्यापासून इथे दिसले तर मी दिसणार नाही."

चाळणी तिच्यावर उसळली. "यांचं नाव? एवढं करून यांचं नाव कशाला?"

"बोट त्यांनीच बांधलीये. मी खोटं बोलू?"

संध्याकाळी सुतारदादा आपला चष्मा, कप आणि कीबोर्ड पिशवीत घालून निघाले. चाळणी जिन्याच्या मधोमध उभी होती. ते दोन पायऱ्या वर थांबले, ती बाजूला होईल म्हणून. ती झाली नाही. 'दादा' हा शब्द सवयीने जिभेवर आला, तो तिने गिळला.

"भिंतीकडून जा," ती म्हणाली.

पिशवी छातीशी धरून, अंग चोरून, ते भिंतीकडून गेले.